उलट्या गंजावरची फुलं

काकूंच्या घरात मे महिन्यातही कुलर लावायची बंदी होती.

कुलर होता. काकांनी हौसेने छिंदवाड्याहून आणून पुढच्या खिडकीत बसवला होता. पण तो फक्त दसऱ्याला पुसला जाई, हळदकुंकू लावून घेई आणि पुन्हा गप्प बसे. सौंसरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना एवढं वाचूनच घाम फुटेल. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नसे, आणि काका, रिटायर झालेले ओव्हरसियर, ओला पंचा डोक्यावर घेऊन अंगणातल्या कडुलिंबाखाली बसलेले असत. आत काकू साखरेची फुलं करत. कुलरची हवा दमट असते आणि दमट हवेत साखरेचं फूल मान टाकतं.

“माणूस सुकला त पाणी पाजता येते,” काकू म्हणायच्या. “फूल भिजलं त काय करता?”

 हे ऐकून काका पंचा पुन्हा भिजवून घेत.

लग्नसराईत त्या घरात भात मागच्या अंगणात शिजे, कारण वाफ. न्हाल्यावर केस वाळेपर्यंत कोणी आत यायचं नाही. आणि रडायचं नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. लग्न ठरलेल्या मुली आयांबरोबर फुलं पसंत करायला येत, सासरचा विषय निघे, एखादीचे डोळे भरत. काकू लगेच तिचं कोपर धरून तिला दाराबाहेर काढत. “तिकडं रड बाई. काका आहेत. मोकळी झाली की ये.” त्यामुळे सौंसरच्या कितीतरी मुली लग्नाआधी काकांसमोर रडल्या. काका डोक्यावरचा पंचा काढून पुढे करत. कोणत्या मुलीला सासरी जायचं नाही हे गावात सगळ्यात आधी काकांना कळे, आणि ते कोणाला सांगत नसत.

काकूंना फुलं येत, केक येत नसे. त्याचं कारण सरकारी होतं. काकांची नोकरी जबलपूरला असताना शेजारी गोव्याकडची एक बाई राहायची. तिने काकूंना आधी फुलं शिकवली. केक सोपा असतो, तो शेवटी, असं ती म्हणाली. केकची वेळ आली आणि काकांच्या बदलीचा हुकूम आला. काकू अर्धी विद्या घेऊन सौंसरला आल्या. केक त्यांनी कधी खाल्लाही नाही, कारण त्यात अंडं. पोळ्याला शिंगं रंगवणाऱ्याला बैल म्हणजे शिंगांच्या खालचा भाग वाटत असेल, तसा काकूंना केक म्हणजे फुलांच्या खालचा भाग वाटे. खाली काय आहे याने त्यांना फरक पडत नसे.

म्हणून खाली काहीही असे. डॉक्टरांच्या मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी एका भल्यामोठ्या कोहळ्यावर साखरेचा पांढरा गिलावा देऊन वर गुलाब बसवले होते. मेणबत्त्याही खोचल्या. मुलाने फुंकर मारली, टाळ्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाई विळी घेऊन कोहळा कापायला बसल्या. उशिरा आलेल्या काही पाहुण्यांना वाटलं की मुलाची कसली तरी शांत चालू आहे. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि हात जोडून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे कोहळ्याची भाजी होती आणि ती जरा गोड होती, एवढीच तक्रार आली.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या आईच्या एका थापेमुळे. मी नागपूरला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकलेली, बी.ए. होऊन नुकतीच परत आले होते. आमच्या भागात अशा प्रत्येक शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, आणि कॉन्व्हेंटच्या मुलीला केक येतो ही पक्की समजूत आहे. मला तिथे नदीप्रणाली आणि रुमालाची घडी शिकवली होती. केक कोणी दाखवलासुद्धा नव्हता. पण पांढुर्ण्याचं स्थळ सांगून आलं, मुलाच्या मामाने विचारलं, “पोरगी काय काय करते?” आणि आई म्हणाली, “केक करते, त्याच्यावर फुलं करते, सगळं करते.” मग ती मला काकूंकडे घेऊन गेली.

मला खरं तर बी.एड.ला नागपूरला जायचं होतं. हे मी घरी एकदाच बोलले होते, तेही जेवणाच्या ताटाकडे पाहून. बाबा म्हणाले होते, “पांढुर्ण्याचं जमलं तर प्रश्नच नाही. नाही जमलं तर पाहू.”  मला बोलायच्या आधी वाक्य मनात लिहून काढायची सवय होती, आणि ते लिहून होईपर्यंत लोक उठून गेलेले असत.

काकूंनी मला बस म्हटलं नाही. त्यांनी माझा हात धरला. घरात येणाऱ्या प्रत्येकाचा हात त्या असाच धरत, पोस्टमनचासुद्धा. लोकांना वाटे भविष्य पाहतात, म्हणून ते तळवा वर करत. काकू तो उलटा करून बोटं मुठीत घेत आणि बाजारात वांगी दाबून पाहावीत तशी दाबत. गरम हाताच्या माणसाने साखर धरली की ती चिकटते, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यांनी त्यावरून माणसांची वाटणी केली होती. काका गरम. सरपंच गरम, आणि एक पाकळी चिकटवली म्हणून घराबाहेर. देवळातले गुरुजी “थंड, पण ओले,” म्हणजे बाद.

माझे हात भीतीने नेहमीच गार असत. काकूंनी माझी बोटं बराच वेळ सोडली नाहीत.

“ह्या पोरीचा हात म्हणजे माठ आहे वं,” त्या आईला म्हणाल्या. “इतके दिवस कुठं लपवून ठेवली होती?”

“नागपूरले होती. आता मास्तरीण व्हाचं म्हणून राहिली. समजवा तुमीच.”

काकूंनी विचार केला. “मास्तरणीचे हात खडूनं कोरडे राहतात,” त्या म्हणाल्या. “चांगलं आहे.”

आईला जे समजवायला हवं होतं ते हे नव्हतं.

पिठीसाखर, भिजवून गाळलेला कतीरा गोंद, म्हणजे एक डिंक, आणि लिंबाचा रस. हे मळून त्याची कणीक करायची, ओल्या फडक्याखाली झाकायची, आणि एका पाकळीपुरती बाहेर काढायची. पाकळी बोटांवर इतकी पातळ करायची की खाली बोटावरची रेघ दिसली पाहिजे. मग ती लाटण्याच्या टोकावर, चमच्याच्या पाठीवर, नाहीतर काकांच्या जुन्या चष्म्याच्या काचेत वाळत ठेवायची. त्या काचेचा बाक गुलाबाला बरोबर बसे. काकांना नवा चष्मा मिळाला तो त्यामुळेच, आणि नव्या चष्म्यावरही काकूंचा डोळा होता. काका तो झोपतानासुद्धा काढत नसत.

शिकवताना काकू माझ्याकडे बघत नसत, फक्त बोटांकडे बघत. मला हे फार बरं वाटे. माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्याशी बोलणारं माणूस मला प्रथमच भेटलं होतं.

गोव्याच्या बाईने शिकवलेली फुलं विलायती होती. ती काकूंनी कधी पाहिली नव्हती, आणि सांगण्यावरून करून करून त्यांचं रूप बदलत गेलं होतं. एका फुलाला त्या ‘जबलपूर’ म्हणत, कारण त्याचं नाव त्या विसरल्या होत्या. “दोन जबलपूर आणि एक गुलाब” अशी ऑर्डर लोक देत. पुढे त्यांनी आपल्या मनाने कपाशीचं फूल केलं, वांग्याचं केलं, संत्र्याचं केलं. मोहगावच्या एका बगीचावाल्याने मुलीच्या रुखवतासाठी संत्र्याचा बहार मागितला. काकूंनी झकास बहार केला आणि चार पाकळ्या खाली पडलेल्या दाखवल्या.

“हे काय?” तो म्हणाला. “लग्नात फुलगळ? काढा ते.”

“फुलगळ नाही असा बगीचा दाखव मले.”

“बगीच्यात होते, काकू. रुखवतात काहून पाहिजे?”

“मंग कागदाचे घेऊन जा. कागदाचे गळत नाहीत.”

तो पाकळ्यांसकट घेऊन गेला. लग्नात त्याने त्या पाकळ्यांवर पानदान ठेवलं, असं ऐकलं.

रुखवतासाठी काकूंनी केकचा प्रश्न कायमचा सोडवला होता. रुखवतात भांडी असतातच. आमच्याकडे ज्या पातेल्याला गंज म्हणतात, ते तीन गंज घ्यायचे, मोठा, मधला, लहान. ते पालथे घालून एकावर एक चढवायचे, वर मलमलचं फडकं ताणून बांधायचं, त्यावर साखरेचा गिलावा आणि त्यावर फुलं. लांबून तीन मजली केक. वऱ्हाडी तो डोळ्यांनी पाहत, कापायची पाळी येत नसे, आणि लग्नानंतर साखर धुऊन नवरी त्याच गंजात वरण शिजवी. कोणाची फसवणूक नव्हती. मुलीकडचे गंज, मुलीबरोबर गेले.

माझ्या पाहण्याच्या दिवशी मात्र गंज काकूंचे होते. आमचे स्टीलचे होते आणि स्टीलवर काकूंचा विश्वास नव्हता. त्यांनी आपल्या लग्नातले पितळेचे गंज काढले, काठावर काकांचं नाव कोरलेले. दोन दिवस आम्ही फुलं केली. प्रत्येक पाकळीबरोबर मी स्वतःला पांढुर्ण्याला पाठवत होते हे मला कळत होतं, आणि फुलं मात्र फार चांगली होत होती. काकूंनीही तसं सांगितलं, माझ्या बोटांना.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहायचा, फारसा बोलत नव्हता. मामा सगळ्यांच्या वाटचं बोलत होते. काका-काकू मच्छरदाणीत झाकलेला केक घेऊन आले. मच्छरदाणी उचलली तेव्हा मुलाच्या आईने आधी केककडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही वेळा मान हलवली. काकूंनी तेवढ्यात मुलाचा हात धरला.

“गरम आहे,” त्या म्हणाल्या. “पण घाम नाही.”

मुलाने विचारलं, “हे चांगलं की वाईट?”

“तुले काय करायचं आहे त्याच्यावर आहे, बापा.”

मग मामा म्हणाले, “चला, कापा. पोरीच्या हातानं होऊ द्या.”

आई म्हणाली, “आधी पोहे घ्या ना.”

“पोहे त आमच्या घरी बी होतात. केक कुठं होते? आण वं बाई, सुरी आण.”

सुरी माझ्या हातात आली. आत काय आहे हे आमच्या बाजूच्या सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे पोह्यांच्या ताटल्यांकडे पाहत होते. मी मनात वाक्य लिहायला घेतलं. ते पूर्ण व्हायच्या आत मामांनी सुरी माझ्याकडून घेतली, “लाजून राहिली,” म्हणाले, आणि केकवर दाबली.

ठण् असा आवाज झाला. देवळातल्यासारखा, बराच वेळ राहिलेला.

मामांनी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा ठण्. साखरेचा एक पापुद्रा निघाला आणि आतलं पितळ चमकलं. आईने पदर तोंडाला लावला. तेव्हा काका, जे सहसा बोलत नसत, म्हणाले, “मजबूत आहे.”

मामा वाकून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. “अस्सं,” ते म्हणाले. “मतलब आतून भांडं. वा. मी नागपूरले केक खाल्ला, खाल्ला अन् संपला. हा संपला तरी घरात राहते. याले म्हणतात डोकं.”

मुलाच्या आईने गंजावर टिचकी मारून पाहिली. “पितळ जाड आहे,” ती म्हणाली, आणि त्या क्षणी माझं लग्न ठरल्यासारखंच झालं. निघताना तिने तिन्ही गंज फुलांसकट मच्छरदाणीत गुंडाळले आणि जीपमध्ये मांडीवर घेतले. आईबाबा नको कसं म्हणणार? केक आम्ही केला होता. पाहुण्यांना दिला होता. मी काकूंकडे पाहिलं. एका पाकळीसाठी सरपंचाला घराबाहेर काढणाऱ्या काकू दाराशी उभ्या राहून आपल्या लग्नातली भांडी जाताना नुसत्या पाहत होत्या.

अडवलं का नाही, असं नंतर मी विचारलं, तर म्हणाल्या, “गिलावा ओला होता. ओल्यात हात घालत नाही मी.”

चार दिवसांत पांढुर्ण्याहून निरोप आला. पोरगी पसंत, केकही पसंत. बाबांनी पेढे आणले. मी पेढा खाल्ला. आठवडाभराने काकू सकाळीच घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, “कतीरा संपला. पांढुर्ण्याले चांगला भेटते. पोरीले नेते, पिशवी धराले.”

मोहगाववरून जाणाऱ्या बसमध्ये काकू सगळा वेळ झोपल्या. पांढुर्ण्याला उतरल्यावर त्यांनी सायकलरिक्षा केली, बाजार मागे टाकला आणि जिनिंगच्या बाजूच्या एका घरासमोर थांबवली. मी घर कधी पाहिलं नव्हतं, पण ओट्यावर मामा दात कोरत बसले होते.

“तू बस रिक्षात,” काकू म्हणाल्या. “उन्हात उतरू नको. हात गरम होतीन.”

मी ओढणी कपाळापर्यंत ओढून बसले. दार उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं.

“माहे गंज न्यायले आली,” काकू म्हणाल्या.

“कोणते गंज?” मुलाची आई.

“केकातले. साखर तुमची, फुलं तुमची. गंज माहे. काठावर नाव आहे, वाचा.”

“नाव त आमी वाचलं,” मामा म्हणाले. “आमाले वाटलं दुकानदाराचं असन.”

“दुकानदार नाही. नवरा आहे.”

मुलाच्या आईचा आवाज चढला. “अवं बाई, मुलीकडून आलेलं भांडं कोणी वापस मागते काय? रुखवताचं भांडं गेलं की गेलं.”

“हव. लग्न झाल्यावर. लग्न कुठं झालं अजून?”

 मग मामा एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “काकू, विचार करा. भांडे वापस म्हणजे सोयरीक वापस.”

“ते तुमचं तुमी पाहा. मी गंजासाठी आली आहे.”

 तेवढ्यात मुलगा बाजूच्या फाटकातून बाहेर आला, हातात पाण्याचा पेला. रिक्षात कोणी बाई बसली आहे म्हणून आणला असावा. ओढणीखाली मी आहे हे पाहून तो थांबला.

“तुम्ही आत नाही आलात?”

“मी पिशवी धरायला आले आहे,” मी म्हणाले.

त्याने पेला दिला. आत त्याची आई म्हणत होती की त्या मोठ्या गंजात तुरीची डाळ अशी शिजते की बोलायचं काम नाही. तो जरा हसला. “खरं आहे ते,” म्हणाला. मग हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या मनात आहे का हे लग्न? मला कोणी सांगत नाही काही.”

मी वाक्य लिहायला घेतलं नाही. वेळच नव्हता, रिक्षावाला घंटी वाजवून राहिला होता. “मला बी.एड.ला जायचं आहे,” मी म्हणाले. “नागपूरला. मी घरी एकदाच सांगितलं. परत सांगता आलं नाही.”

तो पेला परत घेऊन उभा राहिला. त्याने पेल्यातलं उरलेलं पाणी झाडाला घातलं आणि आत गेला.

आत भांडी आपटल्याचे आवाज झाले. “न्या,” मुलाची आई म्हणत होती. “पण आमच्या घरातून रिकामं भांडं जात नाही. सोयरीक जावो नाहीतर राहो.” आणि तिने रागारागाने मोठ्या गंजात तुरीची डाळ भरली, दाबून दाबून. मधल्यात त्याच आठवड्यात वाळवलेल्या कुरड्या घातल्या. मामा ते दोन्ही गंज रिक्षात ठेवून गेले, माझ्याकडे न बघता. लहान गंज मुलाने आणला. त्यावर ताटली झाकली होती. तो त्याने काकूंच्या हातात दिला, त्यांना नमस्कार केला आणि ओट्यावर जाऊन उभा राहिला.

कतीरा आम्ही घेतला नाही. काकूंनी त्याचं नावही काढलं नाही.

पुढे सौंसरकडच्या लग्नांत मुलाकडचे सरळ विचारू लागले, “केक किती गंजांचा देता?” आणि बैठकीत त्यावरून घासाघीस होऊ लागली. ही रीत मामांनी पसरवली असं म्हणतात. काकूंनी हे गंज असे मागून आणले ते माझ्यासाठी की गंजांसाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांच्याकडे आणखी पितळेचे गंज होते, माळ्यावर, एवढं मला माहीत होतं.

परतीच्या बसमध्ये डाळीचा गंज काकूंच्या पायांत होता, कुरड्यांचा सीटखाली आणि लहान गंज माझ्या मांडीवर. बस हादरली की ताटली वाजे. मोहगाव गेल्यावर काकू म्हणाल्या, “पाह्य त, काय दिलं.”

मी ताटली उचलली. गंजात साखर होती आणि साखरेवर माझा फोटो ठेवला होता, नागपूरच्या स्टुडिओत काढलेला, फुलाफुलांच्या साडीतला, कुंडीवर हात ठेवलेला. स्थळ पाहताना आईने पाठवलेला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. मी तो तसाच धरून बसले.

काकूंनी माझ्या हातातून फोटो घेतला, पदराने त्यावरची साखर झटकली आणि खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिला.

“मुंडकं चांगलं आलं आहे,” त्या म्हणाल्या. “कापून कॉलेजच्या फॉर्मले लाव. खालचा भाग मले दे. लुगड्यावरचं फूल मी अजून केलं नाही.”